मुठीचा नियम

खंभात, २४ एप्रिल २०१६

प्रिय वासू,

पाकिटावर तुझं दीक्षेचं नाव नीट लिहिलं आहे, साध्वी प्रशमरेखाश्रीजी, आणि धोळक्याच्या उपाश्रयाचा पत्ता. तुमच्या मुक्कामांची सोय बघणारे संघाचे रसिकभाई म्हणाले, पायी विहार करत तुम्ही साध्वीजी आठवडाभरात तिथे पोचाल. आत मात्र तू मला वासंतीच. सदतीस वर्षं झाली तरी सख्ख्या धाकट्या बहिणीला ‘महाराजसाहेब’ लिहायला माझा हात वळत नाही. राग मानू नकोस. राग मानणं तर तू सोडलंच आहेस.

आपल्या मोटाभाईंची चैत्राची ओळी परवा पूर्ण झाली, काल पारणं झालं, हे कळवण्यासाठी लिहिते आहे. फाल्गुनात तुम्ही खंभातवरून गेलात तेव्हा तूच त्यांना उत्साह दिला होतास. नऊ दिवस आयंबिल. दिवसातून एकदा, एका बैठकीत, उकडलेले मूग, कोरडी रोटली, भात. तेल नाही, तूप नाही, दूध-दही नाही, गूळ-साखर नाही. सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. अडुसष्टाव्या वर्षी माणूस एवढं करतो म्हणून पाठशाळेतली मुलं त्यांच्या पाया पडून गेली.

थोडे थकले आहेत. सर्दी झाली आहे, उजवा गाल सुजल्यासारखा वाटतो. दाढ असेल. पारण्याला मुगाचं पाणी दिलं तेही उलटलं. रात्रभर पाणी पाणी करत होते, पण घेतलं नाही, सूर्य उगवायची वाट बघत बसले. मी म्हटलं, “पारणं झालं की आता, मोटाभाई.” तर म्हणाले, “रात्रीचं पाणी मी ओळीसाठी नाही सोडलेलं, मृदु. ते चाळीस वर्षांचं आहे.”

नऊ दिवस त्यांनी इन्सुलिनची सुईही घेतली नाही. फ्रिजच्या दारात तशाच पडल्या आहेत. म्हणाले, “साखर खातोय कुठे, की सुई टोचून घेऊ? आणि व्रतात बाहेरचं काही अंगात घालायचं नाही.” मी हसले. मला ते पटलंच होतं, म्हणजे अर्धंमुर्धं. मीही रोज सकाळी बोट टोचते, तुला ठाऊक नसेल. बांचा रोग त्यांच्या पोटातूनच आम्हा दोघांकडे वाटून आला. तुझ्याकडे आला की नाही, कोण सांगणार?

फाल्गुनात तू दारात येऊन ‘धर्मलाभ’ म्हणालीस तेव्हा स्वयंपाकघरातून मीच बाहेर आले होते. तुझ्या भिक्षेच्या पातऱ्यात खाखरा घातला. तू अर्धा मोडून परत दिलास आणि म्हणालीस, “बस.” इतक्या वर्षांत तुझ्याकडून मिळालेला तेवढाच शब्द. तो अर्धा खाखरा मी दोन दिवस डब्यात ठेवला होता, मग खाल्ला.

तब्येतीला जप. रस्ते तापले असतील.

मृदु


वडोदरा, २८ एप्रिल

वासू,

पहिलं पत्र तुला मिळालं असेल तर त्यातली सर्दी खोडून टाक.

पंचवीस तारखेला सकाळी मोटाभाई ओळखेनात. श्वास असा खोल आणि जोरात चालला होता, की शेजारच्या घरातून हंसाभाभी ऐकून आल्या. तोंडाला सडक्या फळासारखा वास. खंभातच्या डॉक्टरांनी साखर बघितली आणि लगेच रुग्णवाहिकेला फोन लावला. इथे वडोदऱ्यात आल्यावर कळलं, रक्तात आम्ल साठलं होतं. इन्सुलिन थांबलं की शरीर स्वतःचीच चरबी जाळत सुटतं, आणि त्याचीच राख रक्तात साठते, असं तरुण डॉक्टरणीनं मला समजावलं. भातात साखर असते, मुगात असते, रोटलीत असते. आणि समजा काहीच खाल्लं नसतं, तरी सुई लागलीच असती. हे सगळं मला ठाऊक होतं, असं आता वाटतं. तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते संकट दीड दिवसात आवरलं. शिरेतून पाणी आणि इन्सुलिन चालू ठेवलं. पण गालाची सूज दाढेची नव्हती. नाकातून काळसर पाणी यायला लागलं. उजवी पापणी खाली आली. गालाला बोट लावलं तर त्यांना कळेना. मग नाक-कान-घशाच्या डॉ. फाल्गुनीबेन आल्या, टाळूवर उजेड टाकला आणि मला म्हणाल्या, “या, बघा. पुढे सांगताना तुम्हाला पटायला हवं.”

टाळूला रुपयाएवढा काळा डाग. जळलेल्या भाकरीसारखा.

बुरशी आहे, वासू. शिळ्या भाकरीवर चढते तसलीच. हवेत सगळीकडे असते, तुझ्या-माझ्या नाकात रोज जाते आणि काही करत नाही. पण साखर वाढलेली, रक्त आंबलेलं, अशा माणसाच्या नाकामागच्या पोकळ्यांत तिला शेत मिळतं. ती रक्तवाहिन्यांत शिरते, वाटा बुजवते, आणि पलीकडचं मांस मरून काळं पडतं. नाकातून गालात, गालातून डोळ्यामागे, तिथून मेंदूत. दिवस लागत नाहीत फार.

मोटाभाई गुंगीत होते. सही मी केली. फाल्गुनीबेननी दुर्बीण घालून आतलं मेलेलं काढलं आणि बुरशीवरचं औषध सुरू केलं. पिवळं आहे, बाटलीला काळा कागद गुंडाळतात, उजेड लागू देत नाहीत. ते चढलं की माणूस थंडीनं खाटेसकट हलतो. सिस्टर सुशीलाबेन मकवाण म्हणून आणंदकडच्या नर्स आहेत, त्या वर दोन घोंगड्या टाकतात आणि म्हणतात, “थरथरू द्या, काका. तुमच्याऐवजी ती बुरशी घाबरतेय असं समजा.”

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरून आपली कॉन्व्हेंटची शाळा दिसते. फक्त घंटेचा मनोरा आणि सिस्टर बर्नाडेटच्या पेरूच्या झाडांपैकी एखादं. ते झाड तेच आहे की नवं, इथून कळत नाही. तुला आठवतं, त्या आपल्याला पेरू द्यायच्या आणि तू चावायच्या आधी अळी शोधत बसायचीस? सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी एक दिवस माझ्यासारखीच होणार. त्यांना वाटलं होतं तसं नाही, पण झालीस.

मृदु


वडोदरा, ३० एप्रिल

वासू,

हे पत्र रसिकभाईंच्या हाती देते आहे. ते आज पाहायला आले होते, संध्याकाळी गाडीनं तुमच्याकडे परत निघतील. वाचल्याशिवाय ठेवू नकोस.

काल मोटाभाई पूर्ण शुद्धीवर आले. आधी बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, या काळ्या कागदात काय आहे? सुशीलाबेनना काय माहीत, त्यांनी सरळ सांगितलं: “बुरशी मारायचं औषध, काका.”

तुला पुढचं मी सांगायला नको. आपल्या ओट्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, तेव्हा हा माणूस पाय पडू नये म्हणून कडेनं विटा मांडतो, आणि चार महिने घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओरडतो. खाखऱ्यावर बुरशी दिसली तर तो खाखरा उन्हात नाही, पाण्यात नाही, सावलीत कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ठेवायचा. सुईच्या टोकावर अनंत जीव, हे मुलांना शिकवण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. ते उठून बसले आणि नळी हातानं ओढून काढली. रक्त चादरीवर.

“सही कोणी केली?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हटलं.

“मला विचारायचं होतंस.”

“तुम्ही शुद्धीत नव्हता, मोटाभाई.”

“मग थांबायचं होतंस.”

थांबले असते तर विचारायला कोणी उरलं नसतं, हे मी बोलले नाही. त्यांचं अर्धं तोंड बधिर आहे, शब्द एका बाजूनं सांडतात, तरी माझ्याशी एवढ्या शांतपणे बोलले, की मला शाळेत हात पुढे करून छडीची वाट बघत उभी राहिल्यासारखं झालं.

फाल्गुनीबेन आज सकाळी आल्या. रागावल्या नाहीत, खुर्ची ओढून बसल्या. “काका, मी साफ केलं ते पुरलेलं नाही. उजवा डोळा हलत नाही, दिसतही नाही. तो आणि वरच्या जबड्याचा तुकडा काढावा लागेल. औषध पुन्हा सुरू करायला हवं, आजच. नाही केलं तर ती मेंदूत जाईल.”

“जाऊ दे.”

“बरं. तुम्ही गेलात की ती बुरशीही जाणार. तिला दुसरं घर नाही. तुम्ही कोणाला वाचवलंत मग?”

“तिचं तिच्या कर्मानं होईल. मी मारणार नाही,” मोटाभाई म्हणाले. मग त्या बिचारीला वाईट वाटू नये म्हणून, “तुमची चूक नाही, बेटा. तुमचं काम आहे.”

बाहेर आल्यावर फाल्गुनीबेननी मला विचारलं, “कोणाचं ऐकतात हे?”

मी तुझं नाव सांगितलं.

मला ठाऊक आहे, ऑपरेशन कर असं साध्वी सांगू शकत नाही. चाकू, औषध, जीवहिंसा, यात तुझं तोंड उघडत नाही, उघडू नये. पण ओळीचा नियम तू दिला होतास. बापूजी गेल्यावर तुझ्या दीक्षेच्या परवानगीच्या कागदावर सही करणारे मोटाभाईच होते. मी तेव्हा मुंबईला होते, आले नाही, पण ते सगळ्या गावासमोर उभे राहिले. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मागायचं नव्हतं म्हणूनच आले नाही कधी. आज मागते. त्यांना एक शब्द पाठव. काय पाठवायचं ते तुझं तू बघ. फाल्गुनीबेन म्हणाल्या, दोन दिवस.

मृदु


वडोदरा, १ मे

रसिकभाई पोचले असतील. उत्तर नाही.

आज ते जास्त झोपतात. डोक्याची उजवी बाजू दुखते म्हणतात, म्हणजे फार दुखत असणार. इन्सुलिन घेतात, त्याला ना नाही. पिवळी बाटली खाटेशेजारी तशीच, काळ्या कागदात. सुशीलाबेन दर वेळी विचारतात, “लावू, काका?” ते मान हलवतात. त्या म्हणतात, “मी परत येईन. माझे पाय दुखले तरी येईन.”

माझीच साखर दुपारी बरीच वर गेली होती. सुशीलाबेननी सुई दिली आणि म्हणाल्या, “बेन, एका खाटेला एकच पेशंट.”

आज तुला लिहू नये असं वाटत होतं. तुझ्याकडे रस्ता आहे, पहाटेचा गारवा आहे, सोबत चार साध्वी आहेत. माझ्याकडे हा माणूस आहे. तुला नाती सोडायची मोकळीक मिळाली, ती कोणाच्या जिवावर, याचा हिशेब तुमच्या शास्त्रात कुठे असतो?

हे पत्र पाठवत नाही. म्हणजे लिहून ठेवते, आणि बहुतेक पाठवीन.


वडोदरा, २ मे, संध्याकाळ

वासू,

रसिकभाई दुपारी पोचले. माणूस घामानं निथळत होता, पाणीही न घेता खाटेजवळ उभा राहिला आणि म्हणाला, “महाराजसाहेबांनी निरोप दिलाय, तसाच सांगतो, माझं काही नाही त्यात. म्हणाल्या, प्रबोधभाईंना सांगा, पाठशाळेत मुलांकडून म्हणून घेतात तसं आयंबिलाचं पच्चक्खाण अर्थासकट म्हणा. पूर्ण. मध्ये थांबू नका.”

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढंच.”

मला, खरं सांगते, रडू आलं. सख्खे मोटाभाई तुला ‘प्रबोधभाई’ झाले, माणूस मरतो आहे आणि तू परीक्षा घेतेस, असं वाटलं.

पण मोटाभाई उशीला टेकून बसले. तोंड वाकडं, लाळ हनुवटीवर. हात जोडले. व्रत घेताना म्हणायचे ते शब्द, एक एक शब्द आणि मागे अर्थ, मुलांना सांगतात तसा. काय सोडतो. किती वेळा खातो. मग सवलती. तुला पाठ आहेत, मला नव्हत्या. म्हणजे कानावर पडत आल्या, पण आपण कुणी ऐकतो का? विसरून काही तोंडात गेलं तर व्रत मोडत नाही. अचानक काही उडून पडलं तर मोडत नाही. वाढणाऱ्याच्या हाताला तूप लागलेलं असलं तर मोडत नाही. ते बोटं मोजत होते. शेवटच्या सवलतीचा शब्द म्हणाले आणि अर्थ सांगायला तोंड उघडलं.

ते उघडंच राहिलं.

रसिकभाई म्हणाले, “अर्थ, मोटाभाई?”

मोटाभाईंनी हनुवटीवरची लाळ पुसली. मग, शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही ऐकू जाईल असं स्पष्ट म्हणाले, “देहाची पीडा असह्य होऊन मनाची शांती ढळत असेल, तर औषध घ्यावं. व्रत मोडत नाही.”

“वासूनं नेमकं विचारलं,” ते मला म्हणाले. तुला दीक्षेनंतर त्यांनी कधी वासू म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. “मृदु, सुई घ्यायची सोय व्रताच्या आतच होती. मी दरवर्षी मुलांकडून ती पाठ करून घेतो. आणि व्रत सांभाळायचं म्हणून सुई टाकून दिली.”

“तुम्हाला कसं सुचणार होतं, मोटाभाई,” मी म्हटलं. खोटंच.

“ती बुरशी मी पाळली. नऊ दिवस मी तिला जेवू घातलं. आता ती मरणार ती माझ्यामुळे. औषधामुळे नाही. तिच्या जिवांचा दोष मला लागलाय, मी मेलो तरी आणि जगलो तरी.” मग दमून डोळा मिटला. एकच मिटतो आता. “दोष लागला तर प्रायश्चित्त घ्यायचं असतं. गुरूपाशी जाऊन. त्यासाठी जगायला लागेल.”

सुशीलाबेन दारात होत्या. “मग लावू का, काका?”

“लावा.”

“हात द्या. मूठ वळा.”

त्यांनी मूठ वळली. सही स्वतः केली. अक्षर पाठशाळेतल्या फळ्यावरच्यासारखं, एकही काना वाकडा नाही. उद्या सकाळी आठला नेणार आहेत.

तू काही सांगितलं नाहीस. फक्त विचारलंस. कालचं पत्र मी फाडलं नाही, ते यासोबत येतं आहे. तेही तुझंच आहे.

मृदु


वडोदरा, ९ मे

डोळा गेला. उजव्या वरच्या जबड्याचा तुकडा गेला, त्यात दाढा होत्या. टाळूला भोक आहे. पाणी प्यायलं तर नाकातून येतं, म्हणून नळीतून देतात. पुढे एक पत्रा बसवतील, टाळूसारखा, मग गिळता येईल.

चेहरा पाहिला तेव्हा मी शाळेकडच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. घंटा वाजत होती. सुटीचे दिवस, प्रार्थनेची असावी.

फाल्गुनीबेन म्हणाल्या, कडा स्वच्छ आल्या, मेंदूत गेलेली दिसत नाही. पिवळी बाटली अजून काही आठवडे. आता मूत्रपिंडावर लक्ष ठेवायचं, ते औषध त्यांनाही सोडत नाही. मी विचारलं, वाचले का? त्या म्हणाल्या, “आज वाचले, बेन. उद्याचं उद्या सांगते.” मला त्यांचं हे बोलणं आवडतं.

मोटाभाई पाटीवर लिहितात. आज लिहिलं: वासूला प्रायश्चित्त विचार. खाली: खूप मोठं असेल. तयार आहे.

रसिकभाईंना सांगितलं आहे. तू मोठा उपवास दिलास तर मी तुझ्याशी या जन्मात बोलणार नाही, हेही सांगितलं आहे. ते म्हणाले, “बेन, तुम्ही तसंही बोलत नाही.”


वडोदरा, ६ जून

वासू,

तुझं प्रायश्चित्त आलं.

रसिकभाईंनी सांगितलं तेव्हा मोटाभाईंना ते पहिल्यांदा कळलंच नाही. पुन्हा सांगायला लावलं. एक वर्ष उपवास नाही, आयंबिल नाही, ओळी नाही. अडुसष्ट वर्षांत यांना कुणी तपाची मनाई केली नव्हती. चेहऱ्याचा जो भाग उरला आहे तो लहान मुलासारखा पडला.

आणि मग नियम. मुठीचा. आपल्या बा घ्यायच्या तो. जेवून उठलं की तोंड बंद, आणि पुन्हा काही खायच्या आधी मूठ वळून नवकार मंत्र म्हणायचा, मग तोंड उघडायचं. दोन खाण्यांमधला सगळा वेळ व्रतात जमा. बा दिवसातून दहा वेळा मूठ वळायच्या, आणि आपण त्यांची नक्कल करायचो. मी नवकार अर्धाच म्हणून लाडू उचलायचे, तू सांगून टाकायचीस.

तुझ्या नियमात एक कलम जास्त आहे. साखर बघून सुई घेतल्याशिवाय मूठ उघडायची नाही.

मोटाभाईंच्या टाळूला आता पत्रा आहे. बोलतात, थोडं नाकातून. म्हणाले, “सुई घे असं तिनं म्हटलेलंच नाही. सुईशिवाय खाऊ नको म्हटलंय. साध्वी एवढंच म्हणू शकते.” आणि हसले. हसल्यावर पत्रा सरकतो, हातानं धरावा लागतो. पण हसले, वासू.

सुशीलाबेन शिरेसाठी आल्या. हातांच्या शिरा सगळ्या फुटून निळ्या झाल्यात. “मूठ वळा, काका.” त्यांनी मूठ वळली आणि ओठ हलायला लागले. सुशीलाबेन सुई धरून थांबल्या. “काय म्हणताय?”

“नवकार.”

“माझ्यासाठी पण म्हणा. आज सकाळपासून कुणाची शीर सापडत नाहीये.”

“तुम्ही म्हणा की तुमचं.”

“मी आधीच म्हटलंय, मेरीमातेचं ‘हे मारिया’. दोन्ही लावून बघू.” सापडली.


खंभात, १२ जुलै

प्रिय वासू,

आम्ही घरी आलो त्याला आता दोन आठवडे होतील. मोटाभाई ओट्यावर बसतात. काळा चष्मा लावतात, मुलांना भीती वाटू नये म्हणून. मुलांना भीती वाटत नाही; त्यातल्या एकानं विचारलं, “मास्तर, भोक दाखवा ना.” मोटाभाईंनी पत्रा काढून दाखवला. दुसऱ्या दिवशी पाठशाळेत दुप्पट मुलं.

अर्थासकट पच्चक्खाण म्हणायला लावतात. शेवटच्या सवलतीपाशी आता पूर्वीसारखे पुढे जात नाहीत. थांबवतात. प्रत्येकाला विचारतात, याचा अर्थ काय, आणि तुझ्या घरात कोण सुई घेतं? मुलं सांगतात: दादाजी, बा, मामी. मोटाभाई म्हणतात, घरी जाऊन सांग, व्रतात चालते.

पायऱ्यांवर शेवाळ आलं आहे. विटा मीच मांडल्या, त्यांना अंदाज येत नाही एका डोळ्यानं. एक वीट चुकीच्या जागी पडली, त्यांनी चष्म्याआडूनही पकडली.

सकाळी आम्ही दोघं टेबलाशी बसतो. बोट टोचतो, आकडे बघतो, सुया घेतो, मुठी वळतो. दोन म्हातारी माणसं पोळीसमोर मुठी वळून बसलेली, बाहेरून कुणी पाहिलं तर भांडायला बसली आहेत असं वाटेल. तुझा नियम तू मला दिला नव्हतास. मी घेतला आहे. विचारलं नाही.

तुमचा चातुर्मास इथे ठरल्याचं रसिकभाईंनी सांगितलं. अठरा तारखेपासून चार महिने, आपल्याच गल्लीच्या टोकाला. मोटाभाई तेव्हापासून शर्टाच्या बाह्या नीट दुमडतात.

मी उपाश्रयात येईन की नाही, ते सांगू शकत नाही. येऊन मान लवेल की नाही, तेही. पण तू गोचरीला आमच्या दारात येशील, ‘धर्मलाभ’ म्हणशील, आणि मीच बाहेर येईन. खाखरे करून ठेवीन. या वेळी अर्धा परत देऊ नकोस.

आणि एक. बांना होती, मोटाभाईंना आहे, मला आहे. तू साठीची झालीस, रोज मैलोन्‌मैल चालतेस, तुमच्यात पाणी सूर्याबरोबर बंद होतं, आणि तुझ्या पातऱ्यात लोक काय घालतात ते तूही निवडत नाहीस. कधी कुणी बघितली तुझी साखर? रसिकभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, महाराजसाहेबांना पायाची जखम आहे, भरत नाहीये, बाकी काही नाही.

साखर बघायच्या यंत्राला तुला हात लावायला नको, विजेचं काही तुम्हाला चालत नाही. ते चालू मी करीन, बंद मी करीन, सुई माझी, दोष असेल तर तोही माझा, त्याचं प्रायश्चित्त तूच दे. दाराशी लाकडी स्टूल ठेवलं आहे, त्यावर यंत्राची डबी. घरात यायला नको, बसायला नको, बोलायलाही नको.

पातरं डाव्या हातात धर. उजव्या हाताचं एक बोट तेवढं मला दे.

मृदु